संकष्टीला पिसवांचं औषध

गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी मी तीन आठवडे पुण्याला होते. घर बंद. मांजरांचं खाणंपिणं शेजारच्या वहिनी बाहेर पडवीत करत होत्या. मृगाचा पाऊस लागला तसा मी परत आले, कुलूप काढलं, चहा टाकला आणि कपसुद्धा न विसळता मशीनवर बसले. शाळा उघडायला चार दिवस होते आणि गणवेशांची शिलाई अडकून पडली होती. पायडल मारायला लागून पाच मिनिटं झाली नसतील, घोट्यांना चटके बसायला लागले. डास असतील असं वाटलं. खाली वाकून बघितलं तर परकराच्या पांढऱ्या काठावर तीळ सांडल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते तीळ उड्या मारत होते.

पिसवा. बंद घरात, जिथे तीन आठवडे एकही मांजर शिरलं नव्हतं, तिथे.

माझ्याकडे सात मांजरं आहेत. मनी, तिच्या दोन लेकी ठकी आणि भुरी, सोन्या आणि काळू हे दोन बोके, गोटू, आणि बिट्टी. बिट्टी तेव्हा हातात मावेल एवढी होती, वहिनींना ती वाडीत माडाखाली सापडली. घर जुनं आहे, पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी. ओटीवर माझं शिवणकाम चालतं. सातही जणांचा वावर सगळीकडे, आणि सगळ्यांत आवडती जागा म्हणजे मशीनखालची कतरणीची टोपली. अस्तराचे, कॉटनचे, खणाचे तुकडे तिच्यात पडतात आणि ते दाबून दाबून मऊ गादी होते. उन्हाळाभर मांजरं तिच्यात आळीपाळीने झोपायची. मला ते बघायला फार आवडायचं. त्या टोपलीत काय वाढत होतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मांजरं तपासली. एक साधी खूण वहिनींनी सांगितली, ती मी सगळ्यांना सांगते. मांजराच्या शेपटीच्या मुळाशी आणि मानेखाली केस उलटे करून बघायचे. मिरपुडीसारखी काळी पूड दिसली तर ती पांढऱ्या ओल्या कापडावर झटकायची. माती असेल तर तशीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर तिच्याभोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते मांजराचंच पचलेलं रक्त असतं. मी मांजरपाटाचा तुकडा भिजवून घेतला होता. ठकीच्या अंगाखाली तो तुकडा बघता बघता लालसर ठिपक्यांनी भरला. मला रडू आलं.

आणि इथे मी चूक केली.

पाऊस धो धो पडत होता, जनावरांचा दवाखाना तालुक्याला, आणि गणवेश द्यायचे होते. मी बाजारातल्या एका दुकानात गेले. तिथे मला कुत्र्यांसाठीची एक ट्यूब दिली, मानेवर ओतायची. ‘मांजरालाही चालतं, फक्त थोडं कमी घाला,’ असं सांगितलं. मी ठकीच्या मानेवर अर्धी ट्यूब घातली, कारण तिच्या अंगावर सगळ्यांत जास्त पिसवा होत्या. उरलेली अर्धी भुरीसाठी ठेवली. ती तिला घातली गेली नाही हे नशीब.

दुपारी दोनला घातली. संध्याकाळी दिवेलागणीला ठकी पडवीच्या कोपऱ्यात बसली होती आणि तिचे कान फडफडत होते, माशी बसल्यासारखे, पण माशी नव्हती. मग पाय थरथरायला लागले. उठायला गेली ती कलंडली. रात्री आठपर्यंत सगळं अंग थडथडत होतं, तोंडातून लाळ, बुबुळं मोठी. वहिनींच्या मुलाने रिक्षा काढली. दवाखाना बंद झाला होता, पण डॉक्टर मॅडम जवळच राहतात, त्या तशाच उठून आल्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘ट्यूब आणलीत का?’ मी आणली होती. त्यांनी मागची बाजू दिव्याखाली धरली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. परमेथ्रिन.

ठकीला कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने तिथेच धुतलं, मानेवरचं उरलेलं औषध निघावं म्हणून. मग कोरडी करून उबेत गुंडाळली आणि इंजेक्शनं दिली. यावर उतारा असं काही नाही, झटके थांबवायचे आणि शरीराला ते विष बाहेर टाकायला वेळ द्यायचा, एवढंच हातात असतं. ती रात्र आणि पुढचा अख्खा दिवस ती दवाखान्यात थरथरत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पाणी प्यायलं. मी हे लिहिते आहे तेव्हा ती खिडकीत बसून पागोळ्या बघते आहे. पण किती मांजरांना ती तिसरी सकाळ मिळत नाही, हे मॅडमनी मला सांगितलं, आणि म्हणूनच मी एवढं सविस्तर लिहायला बसले.

मांजराचं यकृत आपल्यासारखं किंवा कुत्र्यासारखं चालत नाही. काही रसायनं फोडून बाहेर टाकण्यासाठी जे विकर लागतं, ते मांजराच्या शरीरात जवळजवळ कामच करत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी आपल्याला ताप उतरवायला पुरते आणि मांजराचा जीव घेते, तीही बऱ्याच अंशी याच कारणाने. परमेथ्रिन कुत्रा सहन करतो. मांजराच्या शरीरात ते साचून राहतं आणि मज्जातंतूंना झटके देत राहतं. कुत्र्याच्या ट्यूबमध्ये ते निम्म्याच्या आसपास असू शकतं, त्यामुळे ‘थोडं कमी घाला’ या सल्ल्याला काही अर्थ नाही. थोडं म्हणजेही मांजरासाठी फार. आणि घरात कुत्रा असेल, त्याला असं औषध लावलं असेल, तर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्या अंगाशी झोपू देऊ नये, त्याला चाटू देऊ नये.

आमच्या गावात आणखी एक प्रकार चालतो, तो मी स्वतः पाहिला आहे. गाईम्हशींच्या गोचिडांचं औषध पाण्यात घालून मांजराच्या अंगावर शिंपडतात. त्या बाटल्यांत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असतं. पहिली दोन परमेथ्रिनच्याच कुळातली, आणि अमिट्राझही मांजराला चालत नाही. गोठ्यातली बाटली गोठ्यात राहू दे.

तर बाटली किंवा ट्यूब घेताना पुढचं नाव बघू नका, मागे घटक वाचा. एकाच नावाच्या दोन खोक्यांत, एक कुत्र्याचं आणि एक मांजराचं, वेगवेगळी औषधं असू शकतात. फिप्रोनिल मांजराला चालतं, पण कुत्र्यांच्या काही ट्यूबांत फिप्रोनिलबरोबर परमेथ्रिनही असतं. इमिडाक्लोप्रिडचंही तसंच. सेलामेक्टिन मांजरांसाठी मिळतं आणि ते चांगलं आहे. खोक्यावर मांजराचं चित्र आणि मांजराचं वजन लिहिलेलं असेल तेच घ्यायचं, आणि अक्षरं बारीक असतील तर दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवायला सांगायचं. मी आता तसंच करते. लोक बघतात, बघू देत.

ठकीला आणायला गेले त्या दिवशी दवाखान्यात गर्दी नव्हती. मॅडमनी मला बसवून घेतलं आणि विचारलं, ‘पिसवा मांजरावर राहतात असं वाटतं ना तुम्हाला?’ मी हो म्हटलं. त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं.

घरात शंभर पिसवांचा संसार असेल, तर त्यातल्या साधारण पाचच मोठ्या होऊन मांजराच्या अंगावर असतात. उरलेल्या पंचाण्णवांत पन्नासेक अंडी, पस्तीसेक अळ्या, दहाएक कोश. हे सगळं जमिनीवर, फटींत, अंथरुणात. एक मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते आणि दिवसाला चाळीस-पन्नास घालू शकते. अंडी चिकट नसतात. मांजर जिथे लोळेल, अंग झटकेल, तिथे मिठाच्या कणांसारखी गळतात. काही दिवसांत अळ्या निघतात, त्या उजेड टाळतात आणि मोठ्या पिसवांची विष्ठा, तीच काळी पूड, खाऊन वाढतात. मग कोश. कोश चिकट असतो, त्याच्यावर धूळ बसते आणि तो दिसेनासा होतो. औषध त्याच्या आत पोचत नाही. आतली पिसू तयार होऊनही बाहेर येत नाही, काही महिने वाट बघू शकते. जमीन हादरली, ऊब आली, श्वासाची हवा लागली की तिला कळतं, जेवण आलं. मग ती फटकन बाहेर पडते.

माझं पायडल. तीन आठवडे बंद घरात कोश वाट बघत होते, आणि मी येऊन नेमकी टोपलीजवळच जमीन हादरवायला बसले.

हे समजल्यावर माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. एका मांजराला औषध घालून काही होणार नव्हतं, ठकीचा जीव मी उगाचच धोक्यात घातला होता. सातही मांजरांची सोय एकाच दिवशी करायला हवी. ते तीन महिने तरी न चुकता चालू ठेवायला हवं, कारण जुने कोश तितके दिवस उघडत राहतात. आणि मांजरांइतकंच घरालाही धुवायला हवं. औषध घातलेलं मांजर मग घरात फिरत राहिलं की नव्या निघालेल्या पिसवा त्याच्यावर उडी मारतात आणि अंडी घालायच्या आत मरतात. म्हणजे मांजरांना खोलीत कोंडूनही ठेवायचं नाही, त्यांना नेहमीच्या जागी वावरू द्यायचं.

आता पैशांचं, कारण मला या विषयावर जेवढे निरोप येतात त्यातले निम्मे यावरच असतात. एका मांजराची ट्यूब म्हणजे आमच्याकडे जवळपास एका अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई. सात मांजरं म्हणजे सात ब्लाऊज, तीन महिने म्हणजे एकवीस. मी मॅडमना स्पष्ट सांगितलं, एवढं मला झेपणार नाही. त्यांना राग आला नाही. त्यांनी फिप्रोनिलचा फवारा सुचवला, पाव टक्क्याचा, कुत्र्यामांजरांसाठी मिळतो तो. त्यात प्रत्येक मांजराला त्याच्या वजनाप्रमाणे औषध मिळतं, थेंब वाया जात नाही.

प्रमाण असं: आखूड केसांच्या मांजराला एका किलोला ३ मिलिलिटर. लांब केस असतील तर ६ पर्यंत. १०० मिलिलिटरच्या बाटलीचा एक दाब अर्धा मिलिलिटर सोडतो, म्हणजे किलोला सहा दाब. २५० च्या बाटलीचा एक दाब दीड मिलिलिटर, म्हणजे किलोला दोन दाब. हे बाटलीवर लिहिलेलं असतं, ताडून बघा. माझी सहा मोठी मांजरं मिळून २१ किलो भरतात आणि बिट्टी तेव्हा ६०० ग्रॅम होती. म्हणजे सगळ्यांना एकदा मारायला ६५ मिलिलिटर. २५० च्या बाटलीत तीन फेऱ्या होऊन थोडं उरतं. ती बाटली मला चार ब्लाऊजांना पडली. एकवीसच्या जागी चार.

काही जण मोठ्या कुत्र्याची ट्यूब आणून सुईने मांजरांत वाटून घालतात, स्वस्त पडतं म्हणून. ठकीनंतर मी तो विचारसुद्धा करू शकत नाही. वाटून घ्यायचंच तर मांजरासाठी बनलेल्या फवाऱ्याची बाटली वाटून घ्या. आमच्या आळीतल्या दोन घरांनी मिळून आता एक बाटली घ्यायला सुरुवात केली आहे.

वजन कसं करायचं हा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला. मांजरपाटाची एक पिशवी शिवली, तोंडाला नाडी, दोन बाजूंना भक्कम बंद, आणि डोकं बाहेर राहील असं एक काजं घातलेलं भोक. मासळीवालीकडे असतो तसा हुकाचा काटा वहिनींकडे आहे, आंबे तोलायचा. पिशवी त्याला अडकवली की झालं. मांजरपाट नवा, खळ न काढलेला घेऊ नका, तो कडक असतो आणि मांजर घाबरतं. मी दोनदा धुऊन घेतला. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी मांजराला कडेवर घेऊन आपल्या वजनकाट्यावर उभं राहावं आणि स्वतःचं वजन वजा करावं, पण दोन-तीन किलोच्या जीवाला त्यात बरीच चूक होते.

औषधाचा दिवस ठरवला संकष्टीचा. महिन्याची तारीख माझ्या लक्षात राहत नाही, संकष्टी राहते, उपास असतो. एका संकष्टीपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, औषधाच्या मुदतीत बरोबर बसतं. आषाढातली संकष्टी ही पहिली फेरी.

सकाळी चूल आणि देवासमोरचा दिवा शांत झाल्यावर सुरुवात केली, कारण फवाऱ्यात अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. पडवीत, मोकळ्या हवेत. हातात रबरी मोजे. केसांच्या उलट्या दिशेने फवारत जायचं, शेपटीकडून मानेकडे, मग हाताने कातडीपर्यंत चोळायचं. पोट, काखा, पायांच्या मधे. तोंडावर फवारायचं नाही. मोज्यावर थोडं घेऊन हनुवटीखाली आणि कानांच्या मागे हलक्या हाताने पुसायचं, डोळ्यांपासून लांब. फवाऱ्याचा ‘फिस्स’ आवाज मांजराला सापासारखा वाटतो असं मला वाटतं, भुरी तर भिंतीवर चढायला गेली. मग मी सगळ्यांना पाठमोरं धरून, एका टॉवेलखाली हात घालून मारायला लागले. सोन्या साडेचार किलोचा, त्याला नऊ दाब लागतात, आणि तो तीन दाबांनंतर कुणाचाच राहत नाही. त्याच्यासाठी मी दर महिन्याला मांजराची ट्यूबच घेते, मानेवर, जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे. एकाच मांजराला दोन्ही कधीच घालायचं नाही.

अंग वाळेपर्यंत एकमेकांना चाटू द्यायचं नाही. चाटलं तर तोंडाला फेस येतो, तो बहुतेक कडू चवीमुळे, थोड्या वेळात थांबतो. मी त्यांना वाळेपर्यंत वेगवेगळ्या टोपल्यांखाली ठेवलं, कोंबड्या झाकायच्या डालग्यांखाली. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही.

पहिल्या फेरीला ठकी आणि बिट्टी नव्हत्या. ठकी आजारातून उठत होती. बिट्टीच्या हिरड्या बघून मॅडम म्हणाल्या, हिला आत्ता काही लावायचं नाही. हिरड्या गुलाबी हव्यात, तिच्या पांढऱ्या फटक होत्या, खडूसारख्या. एवढ्याशा जीवात रक्त ते किती, आणि शंभर पिसवा रोज पीत असतील तर पिल्लू रक्त कमी होऊन मरतं. पिल्लू नुसतं झोपतंय, दूध ओढत नाही, अंग गार लागतंय असं दिसलं तर हिरड्या बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

बिट्टीला औषधाऐवजी आंघोळ आणि फणी. कोमट पाणी, सौम्य साबण. आधी मानेभोवती साबणाच्या फेसाचं कडं करायचं, नाहीतर पाणी लागताच सगळ्या पिसवा तोंडाकडे, डोळ्यांकडे धावतात. मग मानेखालचं अंग पाच मिनिटं फेसात ठेवायचं, धुवायचं, टॉवेलने कोरडं करायचं आणि लगेच पोटाशी धरून ऊब द्यायची. पाण्यात तळाशी बसलेल्या पिसवा मी मोजल्या. एकोणसाठ. त्यानंतर महिनाभर रोज दोनदा फणी. उवांची बारीक दातांची फणी चालते, दात वाकलेले नकोत. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी, फणीत आलेली पिसू सरळ त्यात. नखावर चिरडायची सवय असेल तर सोडा, पिसवांतूनच मांजरांना पट्टकृमी होतात. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि कृमी पोटात जातो. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या कणीसारखे वळवळणारे तुकडे दिसले तर तेच. जंताचं औषध त्याच फेरीत सगळ्यांना दिलं, तेही डॉक्टरना विचारून.

घराचं काम मात्र औषधापेक्षा कठीण गेलं. व्हॅक्यूम क्लीनर असता तर बरं झालं असतं, माझ्याकडे नाही. टोपलीतली सगळी कतरण पिशवीत भरून, तोंड बांधून, बाहेर नेऊन जाळली. त्यात चांगल्या पैठणीचे काठ होते, बाहुल्यांसाठी साठवलेले. तेही गेले. लाद्यांच्या फटी, दाराचे उंबरे, मशीनचं लोखंडी पाऊल, माजघरातल्या पाटांच्या खालची बाजू, सगळं हिराच्या केरसुणीने खरवडून झाडलं, केर रोज पाणचुलीत. मग कढत पाण्यात साबण घालून फटी धुतल्या. गोधड्या आणि मांजरांची पोती बंबातल्या पाण्यात बुडवून ठेवली.

वाळवायचं कसं? देशावर एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात अळ्या करपून मरतात. आमच्याकडे आषाढात ऊन नाहीच, आणि हवेतली ओल तर पिसवांना हवी तेवढी. म्हणून मी इस्त्री वापरली. माझ्याकडे ती दिवसभर तापलेलीच असते. धुतलेला प्रत्येक कपडा, प्रत्येक गोधडी अर्धवट वाळली की दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री, शिवणींवर जास्त वेळ. पावसाळ्यात हा उपाय मला सगळ्यांत उपयोगी पडला आणि तो कुणी सांगितला नव्हता. कतरणीसाठी आता झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, आणि मांजरांना एक जुनं चादरीचं अंथरूण, जे दर चार दिवसांनी कढत पाण्यात जातं.

घरगुती उपायांबद्दल खूप विचारणा होते. आमची आजी अंथरुणाखाली निरगुडीचा पाला घालायची. पाला अंथरुणाखाली घातला तर घाला, त्याने घर वाईट होत नाही, पण त्याच्यावर विसंबू नका. मांजराच्या अंगावर मात्र कापूर, निलगिरीचं तेल, टी ट्री तेल, कडुनिंबाचं तेल, रॉकेल, तंबाखूचं पाणी, फिनेल यातलं काहीही लावू नका. डांबरगोळ्या अंथरुणात ठेवू नका. जेवणात लसूण घालू नका, लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तपेशी फोडतात, आणि पिसवांनी रक्त कमी केलेल्या जीवाला तेवढंच पुरतं. मांजर स्वतःचं अंग दिवसभर चाटतं, म्हणून अंगावर लावलेलं सगळं शेवटी पोटात जातं. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून सांगणाऱ्यांना एवढंच विचारा, मांजराने चाटलं तर चालेल का?

फिप्रोनिललाही मर्यादा आहेत. सशाला ते कधीच लावायचं नाही, ससा मरतो. माशांना आणि मधमाश्यांना ते विष आहे, म्हणून फवारलेले टॉवेल मी पऱ्यावर धूत नाही आणि मोजे उघड्यावर टाकत नाही. कोंबड्या पाळत असाल तर त्यांना किंवा त्यांच्या खुराड्यात ते मारू नका. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये हेच औषध कोंबड्यांच्या शेडमध्ये वापरलं गेलं, ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. म्हणूनच मांजरांवरची डालगी मी नंतर चांगली धुऊन, वाळवून मगच परत नेली.

याच दिवसांत आळीत एक कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, पिसवांनी प्लेग होतो. मला लोकांचा राग आला नाही, आपल्याकडे ती आठवण घराघरांत आहे. १८९७ साली पुण्याचा प्लेग, घरांची झडती, लोकांना माळरानावर झोपड्यांत राहावं लागलं, हे आमच्या पणजोबांच्या तोंडून आजीने ऐकलेलं. पण तो प्लेग मुख्यतः उंदरांच्या अंगावरच्या पिसवांनी पसरला, ती जात वेगळी. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस त्याच वर्षी जानेवारीत स्वतःला टोचून घेतली होती, आणि पिसवांचा संबंध पुढच्या वर्षी सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवला. मी मॅडमना घेऊन आले, त्यांनी ओटीवर बसून बायकांना हे सगळं सांगितलं. त्याचा फायदा असा झाला की आळीतल्या तीन घरांनी आपापल्या मांजरांना त्याच संकष्टीला औषध मारून घेतलं. शेजारच्या मांजरावर पिसवा राहिल्या तर माझी इस्त्री कितीही तापली तरी काय उपयोग?

पिसवा कमी होतात की नाही हे कळायला मी मशीनखाली रात्री परात ठेवायचे, तिच्यात पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, आणि वर कमी उंचीवर टेबललॅम्प. उजेड आणि ऊब बघून पिसवा उडी मारतात आणि साबणामुळे पाण्यावर तरंगू शकत नाहीत. याने पिसवा संपत नाहीत, पण मोजता येतात. गिऱ्हाइकांची मापं ज्या वहीत लिहिते तिच्या शेवटच्या पानावर मी आकडे लिहिले. पहिल्या रात्री एकतीस. आठवड्याने चव्वेचाळीस, तेव्हा मी हादरले, मॅडम म्हणाल्या कोश उघडताहेत, थांबा. पहिल्या महिन्याच्या शेवटी सतरा. दुसऱ्या संकष्टीनंतर सहा, मग दोन. गणपती आले तेव्हा मुंबईचे पाहुणे माजघरात खालीच झोपले, कुणाच्या पायावर एक गांध नव्हती. तिसऱ्या फेरीनंतर सलग नऊ रात्री परातीत नुसतं पाणी.

यंदाच्या मेमध्ये, पाऊस लागायच्या आधीच, पहिली फेरी झाली. बिट्टी आता २ किलो ९०० ग्रॅम आहे, तिला सहा दाब लागतात. ठकीला मी फवारा मारत नाही, मॅडमनी परवानगी दिली आहे तरी माझा हात होत नाही. तिला रोज संध्याकाळी फणी आणि मग मांडीवर अर्धा तास. मापवहीच्या त्याच पानावर बाटलीतला शिल्लक आकडाही लिहिलेला आहे, पुढच्या संकष्टीला पुरेल एवढा आहे.